पंपाच्या खोपटीतला पांढरा दिवा

सँडविकमध्ये थंडीची चाहूल लागली की लोक दोन गोष्टींची वाट बघत. एक म्हणजे सरोवर कधी गोठतंय याची, आणि दुसरी म्हणजे लाउगा आइनारसन कधी दारात उभी राहते याची. पहिलीची वाट जाळी नीट करत, कॉफी पीत, मजेत बघितली जाई. दुसरीची वाट बघताना माणसं सोफ्याखाली वायरी ढकलत.

तिचा प्रवेश बघण्यासारखा असे. दार वाजवणं वगैरे तिला ठाऊक नव्हतं. आत यायची, बूट काढून ठेवायची, उजव्या हाताचा मोजा एकेका बोटावरून ओढून काढायची, आणि तो उघडा तळहात पुढे धरून घरभर फिरायची. प्रत्येक सॉकेटवर, प्रत्येक पिनेवर, हीटरच्या वायरीवर तो टेकवायची. गार लागलं तर पुढे. कोमट लागलं तर तिथंच थांबून घरमालकाकडे बघायची. सत्तरी ओलांडलेली, पाच फूटही उंची नसलेली बाई. पण त्या नजरेखाली सहा सहा फुटी कोळी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे राहत.

“कोमट आहे,” ती म्हणायची.

“थोडंसंच आहे.”

“ताप पण आधी थोडासाच असतो.”

मग ती वायर उपटून, गुंडाळी करून स्वतःच्या पिशवीत टाकायची आणि निघून जायची. परत मागायची कुणाची छाती नव्हती.

हा अधिकार तिला कुणी दिला, असं कुणी विचारलं नाही. गावातल्या एकुलत्या एका हार्डवेअरच्या दुकानात तिनं उभी हयात काउंटरमागे काढली होती आणि गावातली बहुतेक वायर तिच्याच हातून गेली होती. तीही सुखासुखी गेली नव्हती. गिऱ्हाइकानं बारीक पांढऱ्या वायरीकडे नुसतं बोट दाखवलं की उलटतपासणी सुरू व्हायची.

“काय लावणार याला?”

“दिवा.”

“कुठला?”

“टेबलावरचा.”

“लारुस, तुझ्या घरात टेबलावर ठेवायचा दिवा नाही. बायकोच्या पायाशी हीटर लावणार आहेस. ही वायर तासाभरात तापेल, रात्रीत वितळेल आणि सकाळी तू रस्त्यावर पायजम्यावर उभा असशील. त्या बारक्या पायांवर.”

लारुस वायरीशिवाय परत जाई. आतल्या खोलीत दुकानाचा मालक कपाळाला हात लावी. त्याचं गिऱ्हाईक इतकं मन लावून कुणी पळवलं नसेल.

गावाबद्दल लाउगाला जे वाटायचं त्याला तुच्छता म्हणतात, आणि ती तिनं कधी झाकली नाही. या लोकांचे आजे आइसलँडहून बोटीत बसून आले, एका हिवाळ्यात निम्मे मेले, उरलेल्यांनी बर्फाला भोक पाडून मासे काढले आणि जगले. त्यांचे हे नातू. पायाखालचा बर्फ नुसत्या आवाजावरून किती जाड आहे ते सांगतात, आणि भिंतीतली पिन तपकिरी पडलेली यांना दिसत नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज बसवतात, म्हणजे आता फ्यूजऐवजी भिंत उडेल. धुराचा भोंगा मासा तळताना ओरडतो म्हणून त्याची बॅटरी काढून रेडिओत घालतात. अशा लोकांना वीज देणं म्हणजे लाउगाच्या मते वासराच्या हाती वस्तरा देणं, आणि वासराला निदान हात नसतात.

हिवाळ्यात गावच्या हॉलमध्ये नाटक बसायचं, तेव्हाही ती विंगेत वही धरून उभी असे. नट वाक्य विसरला की ती पुरवायची, पण अशा सुरात, की पुन्हा तो जन्मात विसरत नसे. बाहेर झाडं थंडीनं तडतडत असायची आणि आत डोक्यावरच्या दिव्यांखाली नायकाच्या मिशीचा डिंक सुटायचा. नायिका पंख्यानं वारा घ्यायची तो अभिनय नसायचा. विंगेतल्या लाउगाच्या कपाळालाही घाम यायचा आणि त्या घामात ती कमालीची सुंदर दिसायची, असं जुनी माणसं अजून सांगतात. पुढे ते दिवे गेले. गार, निळसर दिवे आले. आता नट आतून लोकरी बनियन घालून प्रेमाचे संवाद म्हणतात आणि प्रेम तसंच लागतं.

गावात सर्वांत खालची जागा तिनं गुस्ती पाउलसनसाठी राखून ठेवली होती. गुस्ती एकटा राहायचा, कोंबड्या पाळायचा, आणि हिवाळ्यात गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्याला लावायची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर सोडायचा. खिडकीच्या फटीत जुनी चड्डी कोंबलेली असे. त्याच सॉकेटवर कॉफीचं भांडं, रेडिओ आणि कोंबड्यांचा दिवा.

“गुस्ती, हे सॉकेट आहे की गायीचं आचळ?” तिनं विचारलं होतं.

“चार जणांचं पोट भरतंय, बाईसाहेब. तुमचं काय जातंय?”

“माझं काही जात नाही. तू गेलास की कोंबड्या तेवढ्या वाऱ्यावर पडतील.”

“तुमच्याकडे येतील. एकाच जातीचे आहात. टोचण्याचं काम.”

ते तिनं विसरलं नव्हतं.

आता या सगळ्यात तिचा सख्खा धाकटा भाऊ स्टाइनी काही वेगळा होता असं नाही. तोही तसलाच, फक्त गप्प. सरोवराच्या काठाला, बापानं बांधलेल्या घरात, बायको इंगा गेल्यापासून एकटा राहत होता. सकाळी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचं, बर्फावर कुणाची जाळी कुठं लागली ते बघायचं, हा त्याचा दिवस. आदल्या हिवाळ्यात नळ गोठू नये म्हणून त्यानं नळाला विजेची गरम पट्टी गुंडाळली होती. शिल्लक राहिलेली पट्टी वाया कशाला घालवा, म्हणून तीही त्याच जागी वरून गुंडाळली. पट्टीवर पट्टी पडली की ती स्वतःलाच भाजते. फरशीखालची फळी कोळसा झाली, घरभर धूर झाला, आणि शहरातून त्याचा मुलगा ट्रेवर धावत आला.

ट्रेवर वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेली माणसं हुकूम सोडतात. म्हणाला, “बाबा, अजून एक हिवाळा देतो. त्या हिवाळ्यात घरात असलं काही जरी झालं, तरी उन्हाळ्यात तुम्ही माझ्याकडे. घर विकायचं. नवव्या मजल्यावर छान खोली आहे.”

“तिथून काय दिसतं?” स्टाइनीनं विचारलं.

“पार्किंग.”

स्टाइनी बहिणीकडे आला. येऊन खुर्चीत बसला, साखरेचा खडा दातात धरून कॉफी प्यायला, आणि कप खाली ठेवून म्हणाला, “यंदा तू नीट बघ, लाउगा. तू म्हणशील ते.”

असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

सरोवर गोठायच्या आत तिनं भावाचं घर पिंजून काढलं. गालिच्याखालची वायर काढली. तिच्यावर वर्षानुवर्षं पाय पडून आतली तार उघडी झाली होती. हीटर एक्स्टेंशनवरून काढून सरळ भिंतीत लावला आणि पडद्यापासून दूर सरकवला. नळाची पट्टी नवी आणली, एकपदरी, सुटसुटीत बसवली. फ्यूज योग्य मापाचे घातले. दोन भोंगे लावले आणि काठीनं दाबून वाजवून दाखवले, तेव्हा स्टाइनीचं मांजर लारुसच्या घरी राहायला गेलं. प्रत्येक गोष्ट काढताना ती भावाला काय काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो वायरींची गुंडाळी धरून तिच्यामागे फिरत होता.

शेवटी ती अंगणातल्या पंपाच्या खोपटीत शिरली.

विहिरीवर पंप, पंपावर लाकडी खोपटी, आणि खोपटीत हिवाळाभर जळणारा एक शंभरचा बल्ब: ही सँडविकची जुनी रीत. बल्ब बंद पडला की पाणी बंद. म्हणून अंधार पडला की प्रत्येक घरातलं माणूस एकदा खिडकीतून खोपटीकडे बघतं. दाराच्या फटीखाली उजेडाची रेघ दिसली की निवांत झोपतं. स्टाइनीच्या खोपटीतला बल्ब आतल्या गोणपाटाला जवळजवळ टेकला होता आणि गोणपाटावर बशीएवढा तपकिरी डाग पडला होता. लाउगानं तळहात नेला आणि चटका बसून मागे घेतला.

“स्टाइनी, ही पंपाची खोपटी आहे की मासे धुरवायची भट्टी?”

“वडिलांच्या वेळेपासून असंच आहे.”

“वडिलांच्या वेळी खोकला झाला की घोड्याचं औषध प्यायचे. ते पितोस का?”

तिनं बल्ब काढला. ट्रेवरनं मागे एक खोकंभर एलईडी दिवे पाठवले होते, कमी वीज खाणारे. त्यातला एक तिनं होल्डरमध्ये बसवला. लख्ख पांढरा उजेड पडला. तळहात ठेवला. गार. ती खूश झाली. गार म्हणजे निर्धोक. याच एका नियमावर तिनं आयुष्यभर गावाला वाकवलं होतं.

त्यानंतर प्रत्येक संध्याकाळी स्टाइनी खिडकीतून खोपटीकडे बघायचा. फटीखाली पांढरी रेघ असायची. तो निवांत झोपायचा.

थोर्राब्लोट म्हणजे ऐन हिवाळ्यातलं गावजेवण. शहरात गेलेली मुलं त्या दिवशी घरी येतात, म्हाताऱ्यांच्या हातचा सुका मासा खातात, आणि आपण अजून इथलेच आहोत असं एकमेकांना पटवतात. ट्रेवरही येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे थंडी इतकी वाढली, की घरांच्या भिंती बंदुकीसारख्या कडाडल्या. सकाळी स्टाइनीचा फोन आला.

“लाउगा, नळाला पाणी नाही.”

“दिवा गेला असेल.”

“दिवा चालू आहे. इथून दिसतोय.”

ती गेली. खोपटीचं दार उघडलं. आत दिवा झगझगत होता आणि त्या प्रकाशात पंपावर, पाइपवर, गोणपाटावर हिमाची पांढरी साय चमकत होती, एखाद्या परीकथेचा पडदा वर गेल्यासारखी. लाउगानं मोजा काढला आणि दिव्यावर तळहात ठेवला.

गार.

ती तशीच उभी राहिली. हॉलमधल्या विंगेत जिच्या कपाळावरून दिव्यांच्या आचेनं घाम गळायचा, तिला दिव्याचं काम काय ते कळू नये? इथं उजेड कुणाला हवा होता? हवी होती ती ऊब. पंपाला पुस्तक वाचायचं नव्हतं.

“काय झालं गं?” मागून स्टाइनी.

“गाढवपणा झाला.”

“कुणाचा?”

“आत जा. थंडी आहे.”

बातमी गावात कशी पोचते ते सांगायला नको. थोड्या वेळात लारुस आला, त्याची बायको रुना आली, आणि शेवटी दाढीत बर्फ घेऊन गुस्ती आला. त्याच्या हातात रंग जाळायची गॅसची मशाल होती.

“सरका, बाईसाहेब. पाच मिनिटांत पाइप मोकळा करतो.”

“पाइप मोकळा होईल आणि खोपटी स्वर्गात जाईल. सुकलेलं लाकूड आणि गोणपाट, गुस्ती. ती मशाल बर्फात खुपस आणि स्वतःलाही.”

“मग काय करायचं म्हणता?”

हे तोंडातून काढणं तिला कठीण गेलं. पिशवीचा पट्टा तिनं दोनदा सारखा केला. “शंभरचे बल्ब हवेत. जुने. ते तर आता दुकानात मिळतच नाहीत.”

लारुसनं रुनाकडे बघितलं. रुनानं आभाळाकडे बघितलं. गुस्ती दाढीतला बर्फ काढत राहिला.

“काय आहे?” लाउगा म्हणाली.

“रागावणार नसशील तर,” रुना म्हणाली, “माझ्याकडे आहेत. पिठाच्या डब्यात.”

“पिठाच्या डब्यात?”

“तू डब्यात हात घालत नाहीस.”

लारुसचे पियानोत होते. शेजारच्या म्हातारीनं मोज्यांत घालून दिवंगत नवऱ्याच्या सुटकेसमध्ये ठेवले होते. दुकानात मिळेनासे व्हायच्या आत अख्ख्या सँडविकनं शंभरचे बल्ब साठवले होते आणि अख्ख्या सँडविकनं ते लाउगापासून लपवले होते. त्या गावात एवढी एकी कुठल्याच निवडणुकीत झाली नव्हती.

गुस्तीनं कोंबड्यांना ऊब द्यायचा लाल दिवा आणला, जाळीच्या पिंजऱ्यातला. “घ्या. कोंबड्या आज स्वयंपाकघरात झोपतील.”

लाउगानं तो घेतला. आभार मानले नाहीत, पण त्या वायरीवर शेराही मारला नाही, आणि गुस्तीला ते कळलं.

तिनं सगळं गोणपाट फाडून काढलं, पिंजऱ्यातला दिवा पंपापासून हातभर अंतरावर खिळ्याला पक्का टांगला, होल्डरमध्ये रुनाचा बल्ब लावला, आणि दार लावून बादलीवर बसून राहिली. कुणालाही आळीपाळीनं बसू दिलं नाही. तुम्हाला झोप लागेल, म्हणाली. नशीब एवढंच की पंप फुटला नव्हता. अंधार पडायच्या सुमारास पाइप गुरगुरला, पंपानं उचकी दिली, आणि घरातून स्टाइनी ओरडला की पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेवर आला. घर बघून चकित झाला. वायर नाही, धूर नाही, भिंतीवर दोन भोंगे. स्टाइनीनं धुरवलेला मासा आणि काळा पाव मांडला होता. लाउगानं विनारतेर्ता आणला होता, आलुबुखारच्या मुरंब्याचा सात थरांचा केक, आणि त्याच्या थरांतही तिला स्वतःलाच खोड सापडली होती. गुस्ती दिवा न्यायला म्हणून आला होता आणि खायला बसला होता.

“आत्या, तू होतीस म्हणून,” ट्रेवर म्हणाला. “बाबांवर सोडलं असतं तर...” तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर गेली. ढगाळ दुपार होती, आणि खोपटीच्या फटीखाली पिवळी रेघ दिसत होती. “तो पिवळा उजेड कसला? बाबा, तो जुना बल्ब परत लावलात? मी नवे पाठवले होते ना?”

स्टाइनीनं सुरी खाली ठेवली.

“बाबा, काय ठरलं होतं आपलं? आग लागली असती तर?”

स्टाइनी खिडकीबाहेर बर्फाकडे बघत होता. ज्या बर्फावर त्याचा बाप मासेमारीला गेला, पुढे तो स्वतः गेला, त्याच्याकडे तो असा बघत होता जसं गाडी सुटताना माणूस फलाटाकडे बघतो. बहिणीचं नाव तो घेणार नव्हता. सगळ्यांनी घेतलं असतं तरी त्यानं घेतलं नसतं.

गुस्तीनं तोंड उघडलं. लाउगानं एका नजरेत ते बंद केलं. वाक्य तिचं होतं आणि या वेळी पुरवायला विंगेत कुणी नव्हतं.

“तो मी लावलाय,” ती म्हणाली. “त्याआधीचा पांढराही मीच लावला होता. तुझ्या खोक्यातला. तो गार होता म्हणून मला आवडला. काल पंप गोठला. बापाचा तुझ्या यात केसाइतकाही संबंध नाही. त्यानं पहिल्यांदाच शहाण्या माणसाचं ऐकलं आणि ते शहाणं माणूस मूर्ख निघालं.”

“आत्या, तू?”

“मी. तेव्हा ठरल्याप्रमाणे कर. ज्याची चूक त्याला शहरात न्यायचं ना? माझी पिशवी भरलेलीच असते. तुझ्या नवव्या मजल्यावरची ती खोली मला चालेल. पार्किंग बघत बसेन. रोज सकाळी उठून तुझे सगळे सॉकेट हातानं तपासेन. तुझ्या बायकोचा तो केस सरळ करायचा चिमटा कुठं लावते रे ती? एक्स्टेंशनवर?”

ट्रेवरचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यानं बापाकडे बघितलं, मग आत्याच्या उजव्या तळहाताकडे.

“नाही, म्हणजे...” तो म्हणाला, “पाणी आलंय ना पण?”

“आलंय.”

“मग झालं तर.”

गुस्ती माशाच्या काट्यासकट काहीतरी गिळून खोकायला लागला. स्टाइनीनं केकचा पहिला तुकडा बहिणीच्या ताटात ठेवला. मग खिडकीकडची खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

तो हिवाळा संपायच्या आत परवानाधारक वायरमननं प्रत्येक खोपटीत भिंतीला एक लहानसा हीटर बसवून दिला. गारठा वाढला की आपोआप सुरू होतो, तापला की बंद होतो, आणि त्याचा फ्यूजही वेगळा. लाउगा प्रत्येक घरी वायरमनच्या मागे उभी होती. तो तिसऱ्या घरापासून घाम पुसायला लागला.

पुढच्या वर्षी सरोवराच्या कडेला पहिली पापुद्र्याएवढी बर्फाची साय धरली, त्या सकाळी लाउगा पिशवी खांद्याला लावून निघणार, तोच तिच्या स्वतःच्या दारावर टकटक झाली. बाहेर गुस्ती. मागे लारुस आणि रुना, इकडे तिकडे बघत. गुस्तीनं उजव्या हाताचा मोजा एकेका बोटावरून ओढून काढला. अभिनय वाईट होता, पण मेहनत घेतलेली दिसत होती.

“सॉकेट बघायचे होते, बाईसाहेब.”

लाउगानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. गुडघ्याला चिखल, दाढीला अंड्याचा बलक, आणि पुढे धरलेला तो फावड्याएवढा तळहात.

“त्या हाताला गार-गरम काही कळतं का?”

“बघू. तुमच्याकडूनच शिकलो.”

ती बाजूला झाली.

“बूट काढ,” ती म्हणाली. “आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात कर. फ्रिजच्या मागचं सगळेच विसरतात.”